पहिला बार बाबांचा

सुनीलने पिशवी ओटीवर रिकामी केली. आधी समीक्षासाठी तपकिरी स्वेटर निघाला, मग आईच्या गुडघ्यांसाठी मलम, आणि सगळ्यांत शेवटी जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली हातभर लांब काळी दुर्बीण, रायफलीवर बसवतात ती. धाकट्या भावाचा, किशोरचा हात पुढे आला होता. तो चुकवून सुनीलने ती थेट वडिलांच्या, चांगूबाबांच्या मांडीवर ठेवली.

"डोळा आणलाय," तो म्हणाला. "आता खाली रायफल तेवढी पायजे."

अक्षदा उंबऱ्यात बसून लेकीच्या, समीच्या वेणीला रिबीन बांधत होती. गाठ जरा जास्तच घट्ट बसली. पोर कळवळली, पण नव्या स्वेटरच्या आनंदात लगेच विसरलीही. तो तिने गणवेशावर चढवला आणि काढायला तयार होईना. अंगणाच्या कडेला ठकूआत्या उभी होतीच. रोज सकाळी ती समीला माळावरून पलीकडच्या शाळेत न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. तेवढ्या वेळात अक्षदा पोलादपूरला औषधाच्या दुकानात काम करून यायची. आज तिने सुट्टी घेतली होती. मोठे दीर मुंबईहून का येतायत हे तिच्या नवऱ्याने, किशोरने फोनवर ऐकलं होतं, आणि तिने किशोरच्या चेहऱ्यावर वाचलं होतं.

बाबांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि अंगणातल्या फणसाकडे रोखली. "ब्येस हाय," ते म्हणाले. काय दिसलं ते म्हणाले नाहीत.

मग सुनीलने मांडायला सुरुवात केली. शेतीच्या संरक्षणासाठी बाबांना मिळालेला बंदुकीचा परवाना आता नूतनीकरणाला आला होता. बाबांचं वय बघता तो किशोरच्या नावावर करून घ्यायचा, म्हणजे कटकट नको. आणि करायचाच आहे तर शस्त्रही बदलून मागायचं. ती एकनळी बारा बोअर किती दिवस वापरायची? सांधा ढिला झालाय, चाप अडकतो. त्याच्या ओळखीचा एक माणूस शस्त्रांच्या दुकानात होता, त्याच्याकडून त्याने सगळं समजून घेतलं होतं. पॉइंट टू-टू पोरखेळ, डुकराला गुदगुल्या होतील. थर्टी-ओ-सिक्स भारी, पण तिच्या गोळ्या मिळवता मिळवता जीव जाईल. आपल्या माळासाठी एकच: तीनशे पंधरा बोअरची रायफल. उघड्या रानात, जिथे आडोसा नाही आणि जनावर जवळ येऊ देत नाही, तिथे त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

किशोरने मधेच विचारून पाहिलं, की डुकरं तर वालाच्या शेतात पायाशी येतात, त्यांना एलजीचं, जाड छर्ऱ्यांचं काडतूस काय कमी आहे? छर्रा पसरतो, अंधारातही चुकत नाही.

"डुक्कर अर्जाच्या कागदावर," सुनील हसून म्हणाला. "माळावर सांबर उभं ऱ्हायलं की छर्रा काय करतो, ते बाबांना विचार."

बाबांची बोटं दुर्बिणीवर फिरू लागली. ती गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. हाक्यात, डबे बडवून रान उठवताना, सांबर निसटून माळाच्या मधोमध येऊन उभं राहिलं होतं, मोठं, शिंगांचा पसारा डोक्यावर घेऊन. बाबांनी बार टाकला तेव्हा छर्रे निम्म्या वाटेत गवतावर टपटपले आणि सांबराने नुसती मान वळवून बघितलं. गाव महिनाभर हसत होतं. तेव्हा सुनील लहान होता. हाकाऱ्यांमध्ये पत्र्याचा डबा बडवत होता.

"भाऊजी, सांबर मारणं गुन्हा आहे," अक्षदा म्हणाली. "भेकरसुद्धा. तुरुंग आहे त्याला."

सुनीलने मान हलवली. त्याला माहीत होतं. पण रानात काय होतं ते रानात राहतं, असं तो म्हणाला, आणि मारायचंच असं कुठे आहे, नुसतं समोर असायला हवं, हेही जोडलं. 

"आणि गोळी?"

"गोळीचं काय?"

"छर्रा थोड्या अंतरावर पडतो. ही गोळी कुठे थांबते?"

"जिथं लागली तिथं."

"आणि नाही लागली तर?"

सुनीलने बाबांच्या मांडीवरची दुर्बीण उचलून बनियनमध्ये पुन्हा गुंडाळली. दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं ते त्याला आठवलं, की मोकळी सुटली तर मैलभराच्या पलीकडेही जाते. त्याला ते सांगताना अभिमान वाटला होता. आता त्याने ते सांगितलं नाही.

"ती शिकलेली हाय," मैनाआई ओटीच्या कोपऱ्यातून मुलाला म्हणाली. त्यात कौतुक होतं की टोमणा, हे अक्षदाला कळलं नाही. "तू चहा घे. लांबनं आलास."

*

मागच्या पडवीत मैनाआई कुळीथ पाखडत बसली. अक्षदा समोर बसली आणि खडे वेचू लागली.

अक्षदाला जे बोलायचं होतं त्याला घरात शब्दच नव्हता. गेल्या शिमग्यात बाबांनी तिला मागून "मैना" म्हणून हाक मारली होती, आणि ती वळल्यावरही त्यांना कळलं नव्हतं. ताटात भाकरी संपली तरी त्यांचा हात ताटात फिरत राही. अंगणात कोण आलं हे ते चालीवरून ओळखत, आणि इतक्या लवकर नाव घेत की पाहुण्याला शंकाही येऊ नये. महाडला डोळ्यांचं शिबिर झालं तेव्हा ते नेमके त्या दिवशी सव गावच्या गरम झऱ्यांवर अंघोळीला गेले.

"आई, रायफल आली की पहिला बार कोणाचा?"

मैनाआईचं सूप थांबलं. उत्तर द्यायची गरज नव्हती. या घरात बंदूक कोणाच्याही नावावर असो, हाका झाला की माळाच्या टोकाच्या कातळावर, करवंदीच्या आड, बाबा बसत. बंदूकवाला दबा धरून बसतो त्या जागेला बारी म्हणतात, आणि ही मानाची बारी. तिथून पहिला बार सुटल्याशिवाय दुसऱ्याने चाप ओढायचा नाही. त्यांच्या वडिलांच्या वेळी तसंच होतं. आणि बाबा हललेल्या गवतावर बार टाकत. सगळेच टाकत. गवत हललं म्हणजे जनावर, कारण हाकारे समोरच्या उतारावर असत, छर्ऱ्याच्या टप्प्यापासून लांब.

"गेल्या साली त्यांनी ऐनाच्या खोडात बार घातला," अक्षदा हळू आवाजात म्हणाली. "डुक्कर किशोरने मारलं. सगळ्यांनी बाबांचं नाव घेतलं."

"माज्यासमोर नको बोलूस."

"तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय म्हनून तर." मैनाआईने सूप खाली ठेवलं. तिचे डोळे कोरडे होते, आवाजही. "त्यांच्या ताटात भाकरी किती हाय ते मी सांगते, चटनी डावीकडं हाय ते सांगते, आन ते सांगू देतात. तेवढंच सांगू देतात. त्याच्या पुढचं मी नाय सांगनार गो. मानूस मोडंल."

"आणि त्या उतारावर आता घरं आहेत."

तळीयेवर दरड कोसळली त्या जुलैत वरच्या वाडीच्या डोंगरालाही भेगा गेल्या होत्या. लोक तिथे पुन्हा झोपले नाहीत. माळाच्या पलीकडच्या अंगाला, जिथे आधी नुसती कारवी होती, तिथे निळ्या पत्र्यांची घरं उभी राहिली. अंगणवाडी तिथे गेली, मग शाळाही. मानाच्या बारीवरून समोर बघितलं की आता तीच घरं दिसत. ज्याला दिसत त्याला.

मैनाआईने सूप पुन्हा उचललं. पण पाखडलं नाही.

*

किशोर वालाच्या शेतात कुंपणाच्या काट्या सारत होता. रात्री डुकरांनी एक कोपरा नांगरल्यासारखा उकरून टाकला होता. भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर टोकलेले वाल. फुलं आता कुठे धरली होती. अक्षदा येताना दिसली तेव्हाच त्याला कळलं की ती भांडायला आलेली नाही. भांडायची असली की ती जोरात चालायची.

त्याने आधीच बोलून घेतलं. दादा काय चुकीचं सांगतोय? रोज रात्री इथे जागायचं, डबे वाजवायचे, सकाळी हे बघायचं. जुन्या बंदुकीचा चाप परवा दोनदा अडकला. दादाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरासाठी काहीतरी मनापासून केलंय. बाबा सकाळपासून हसतायत, तिने बघितलं का?

"बघितलं."

"मंग?"

"परवाना तुझ्या नावावर. म्हणजे कोणीही चाप ओढला तरी गोळी तुझी."

"मी देनारच नाय कुनाला."

"बाबांना?"

किशोरने काटी इतकी जोरात खुपसली की ती मोडली. त्याला राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. "मंग काय सांगू त्यांना? तुमचे डोळे गेले, असं सांगू?"

घरातल्या कोणीही ते आजवर तोंडाने म्हटलं नव्हतं. किशोरने नकळत घराकडे वळून पाहिलं, जणू ते ओटीपर्यंत ऐकू गेलं असेल.

"बंदूक नको असं मी म्हणत नाही," अक्षदा म्हणाली. "नवी बारा बोअर घे. इथे शेतात, जवळून, छर्ऱ्याने. मी स्वतः बॅटरी धरून उभी राहीन. पण तीनशे पंधरा या घरात आली तर मी समीला घेऊन महाडला माझ्या आईकडे जाईन, आणि हे मी तुला रागाने सांगत नाहीये."

तिने मोडलेल्या काटीचा तुकडा उचलून कुंपणात बसवला. किशोर तिच्याकडे बघत राहिला. ती धमकी देत नव्हती. औषधाच्या दुकानात एखाद्याला, हे औषध दुधाबरोबर घ्यायचं नाही, असं सांगावं तसं ती सांगत होती.

"काय करायचं म्हनतेस?"

"आज संध्याकाळी सगळे बारीवर चला. दादांनी माळ बघितलाय तो लहानपणी. आता एकदा बघू देत. जनावर बाहेर पडायची वेळ असते तेव्हाच जाऊ."

ती वेळ समीच्या परतण्याचीही होती. किशोरच्या ते ध्यानात आलं. त्याने विचारलं नाही.

*

माळावर गवत वाळून पिवळं पडलं होतं. चढताना सुनीलने बाबांचा हात धरायला हात पुढे केला, पण बाबा वाट पायाने ओळखत होते, त्याच्या पुढेच चालले. मैनाआईही गुडघे सांभाळत आली. ती का आली हे कोणी विचारलं नाही. तिने मलम लावलं होतं, वास येत होता.

कातळावर पोचल्यावर सुनीलचं मन भरून आलं. त्याला हे कधी कोणाला सांगता आलं नव्हतं, की तो मुंबईत राहिला तरी झोपेत नेहमी इथेच असायचा, हातात डबा घेऊन, समोरच्या उतारावर, आणि बाबा इथे बसलेले. त्या सांबराने मान वळवून बघितलं तेव्हा तो हसणाऱ्या माणसांमध्ये उभा होता. तोही हसला होता. आता बाबांना एकदा तरी इथून तसा बार टाकता यावा की गाव गप्प व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. सांबर पडलं नाही तरी चालेल. आवाज मोठा झाला तरी पुरे.

समोर निळी घरं दिसली तेव्हा तो थबकला. फोनवर ऐकलं होतं, पण ती इतकी मध्यावर असतील असं वाटलं नव्हतं. अक्षदा त्याच्याकडे बघत होती. "मधे माळ हाय," तो म्हणाला. "बघून मारायचं. आंधळा थोडाच हाय कोन."

मैनाआईने बाबांकडे पाहिलं. 

बाबा आपल्या जागी बसले, उजवा गुडघा वर, पाठ दगडाला. ती बैठक बघून किशोरला लहानपणची भीती आठवली: आता बोलायचं नाही, खोकायचं नाही. सुनीलने दुर्बीण त्यांच्या हातात दिली. बाबांनी ती बंदुकीसारखी धरली, एक हात खाली, एक हात मागे.

चांगूबाबांसाठी जग दोन पावसाळ्यांपासून ताकासारखं झालं होतं. ते त्याला सरावले होते. ताकातही हालचाल कळते. आवाज कळतो. वारा समोरून येत होता, म्हणजे जनावराला आपला वास जाणार नाही. त्यांनी नळी हळूहळू फिरवली. पांढरं, पिवळं, पांढरं. मग त्या पिवळ्यात काहीतरी तपकिरी सरकलं. मोठं, संथ. आणि त्याच्यामागे दुसरं, लहान, उड्या मारत, मधेच थांबत. त्यांच्या छातीत काहीतरी जुनं जागं झालं. हे त्यांना दिसत होतं. खरंच दिसत होतं.

"गप," ते कुजबुजले. "मादी हाय. मागं पाडस."

सुनील पुढे वाकला. "कुठं, बाबा?"

"नाल्याच्या हिकडं. सरळ येतायत." त्यांच्या मागच्या हाताचं बोट नळीखाली, जिथे चाप असता तिथे, वाकलं. "थांब. जरा जवळ येऊ दे. आत्ता." बोट मिटलं.

मग ते हसले, आणि दुर्बीण मुलाच्या हातात दिली, बघ म्हणून.

सुनीलने ती डोळ्याला लावली. गोलात आधी गवत आलं, मग ठकूआत्याचं विटलेलं तपकिरी लुगडं, डोक्यावर लाकडाची मोळी. आणि तिच्यामागे, उडी मारून मधेच दगड उचलायला वाकलेला, तो स्वेटर. रस्त्यावरच्या ढिगातून त्याने स्वतः निवडलेला. मळ दिसणार नाही म्हणून त्याने तो रंग घेतला होता.

तो नळी डोळ्यावरून काढेना.

"काय रे? गेली?" बाबांनी विचारलं.

किशोरने हात पुढे करून दुर्बीण मागितली, सुनीलने दिली नाही. अक्षदाला दुर्बिणीची गरज नव्हती. तिला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. आपली पोर कशी चालते हे तिला मैलावरून कळलं असतं. तिने येताना ठरवलं होतं की दादांना फक्त घरं दाखवायची, आणि माळावरून चालणारी माणसं. हे तिने ठरवलं नव्हतं. तरी तिचा आवाज सरळ आला.

"बाबा, ती समी आहे. पुढे ठकूआत्या."

वाऱ्याने गवत एका बाजूला झुकलं आणि परत आलं.

"काच चांगली नाय," सुनील घाईने म्हणाला. "बाबा, काचेत खोट हाय. मी बदलून आनतो. दुकानदार म्हनलाच होता की..."

सगळ्यांना ते हवं होतं. किशोरने मान हलवलीही. बाबांचा चेहरा त्या आवाजाकडे वळला, बुडणाऱ्याने फांदीकडे वळावं तसा. अक्षदाला ते दिसलं. एक शब्दही न बोलता ते तसंच जाऊ देता आलं असतं, आणि घरात सगळे हसत जेवले असते.

"काच चांगली आहे, भाऊजी," ती म्हणाली.

"सूनबाय," बाबा म्हणाले.

मैनाआई तोवर मागे उभी होती. ती पुढे आली आणि गुडघ्यांची पर्वा न करता बाबांच्या शेजारी कातळावर बसली. मानाच्या बारीवर बाई कधी बसली नव्हती. "मला माहीत हाय," ती एवढंच म्हणाली. "लई दिसांपासनं."

नाल्यातून पावलं वाजली. ठकूआत्या मोळी सावरत चढत होती, आणि समी तिला मागे टाकून, दोन्ही मुठींत दगड घेऊन, धापा टाकत वर आली. इतकी माणसं एकत्र बघून ती आधी बावरली, मग थेट आजोबांपाशी गेली.

"आजोबा, मी तुम्हाला तिकडून हात केला. दिसला?"

सुनीलने तोंड फिरवलं. किशोर कुठेतरी लांब बघत राहिला. बाबांचा हात हवेत पुढे आला, समीच्या खांद्याला लागला, स्वेटरच्या लोकरीवर थोडा वेळ राहिला.

"नाय गो," ते म्हणाले. "नाय दिसला."

"मी दोन्ही हात केले होते."

"तरी नाय दिसला."

समीला ते विशेष वाटलं नाही. तिने मूठ उघडून एक दगड त्यांच्या तळहातावर ठेवला. बाबा तो अंगठ्याने चाचपत बसले, बराच वेळ, सगळ्या बाजूंनी. मग त्यांनी धाकट्या मुलाला नावाने हाक मारली, हाक्याच्या दिवशी मारत तशी.

"किशोर. बारा बोअर घे. नवी घे, चांगली घे, तुज्या नावावर. शेतात बसायचं, हिकडं कुनी बसायचं नाय. सांबराचं नाव पुन्ना घरात नको."

"व्हय, बाबा."

"आन सुनील."

सुनील जवळ येऊन उकिडवा बसला. बाबांनी त्याच्या हातातली दुर्बीण चाचपून बघितली आणि ती त्याच्याकडेच राहू दिली. "चांगली हाय ही वस्तू. तू मनानं आनलीस. परत देऊ नको." थोडं थांबून ते म्हणाले, "त्या दिशी तू हसलास, ते मी बघितलं व्हतं. तवा दिसत व्हतं मला. तू लहान व्हतास रे."

सुनीलने बाबांच्या पायांवर हात ठेवला आणि तिथेच ठेवून बसला.

किशोरने विचारावं की नाही हे ठरवायला वेळ घेतला. पण ते ठरल्याशिवाय खाली उतरता येणार नव्हतं. "आन बाबा, पहिला बार?"

"पहिला बार," बाबा म्हणाले, "ज्याला दिसंल त्याचा."

ते उठले. मैनाआईने हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. तिचे गुडघे आणखी दुखले असते. अक्षदा पुढे झाली तर त्यांनी तिलाही मानेनेच थांबवलं, पण त्यात राग नव्हता. समी उताराला लागली होती आणि शाळेतलं काहीतरी सांगत होती. बाबांनी पुढे हात करून तिच्या स्वेटरची बाही पकडली आणि तिच्यामागून, पाऊल जपून टाकत, उतरू लागले.